आतून शिकलेला हात

कुलूपवाल्याने चष्मा पुसून नाकावर चढवला, तोवर दार उघडलं होतं.

बाहेर जमलेल्या मंडळींना कौतुक करावं की सांत्वन, ते कळेना. कुलूपवाल्याची मुलगी उंबऱ्यावर उभी होती. हातात पणजोबांच्या दोन वाकवलेल्या तारा.

या घराण्यात मूल मोठं झालं हे जन्मतारखेवरून ठरत नसे. मुलगा वयात आला की सगळं घर बाहेर काढायचं, दाराला किल्ली फिरवायची आणि तारा त्याच्या हाती द्यायच्या. उघडलं, तर त्याला घराची किल्ली आणि मोठ्यांच्या आधी चहा. नाही उघडलं, तर पुढच्या वर्षापर्यंत तो लहान. कुलूपवाल्याचा थोरला भाऊ दोन मुलांचा बाप झाला तरी लहानच होता.

मुलींची परीक्षा नसे. त्यांना किल्ली कशाला, त्या घरातच असतात, असं घराण्याचं शास्त्र. पण हिला नर्सचं शिकायला परगावी जायचं होतं आणि तिने बापाचं डोकं खाल्लं होतं. शेवटी तो म्हणाला, उघडलंस तर जा. म्हणायला काहीच हरकत नव्हती. दाराला त्याच्या हातचं सात लिव्हरचं कुलूप होतं, आतून-बाहेरून एकाच किल्लीने चालणारं, आणि ती एकुलती एक किल्ली त्याच्या कमरेला असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी गल्लीत चोरी झाली, तेव्हापासून तो रोज सकाळी बायकोला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून दुकानात जाई. चोर त्याच महिन्यात सापडला. कुलूप राहिलं.

त्याने कमर चाचपली. किल्ली जागेवर होती. थोरल्या भावाने तारा हुंगून-चावून पाहिल्या आणि त्यात काहीतरी गडबड असल्याचं जाहीर केलं.

"परत," कुलूपवाला म्हणाला.

दार पुन्हा बंद झालं. या वेळी तो गुडघ्यावर बसून तिचे हात बघू लागला. त्याच्या घराण्यात डाव्या हाताने ताण द्यायचा आणि उजव्याने लिव्हर उचलायचे. पोरीचं सगळं आरशातल्यासारखं उलटं चाललं होतं. दार उघडलं.

"हा आतून उघडणाऱ्याचा हात आहे," तो म्हणाला. "कोणी शिकवलं?"

मुलगी जरा बाजूला झाली. तिच्या मागे आई उभी होती.

"मी," बायको म्हणाली. "मोडक्या छत्रीच्या काड्या होत्या माझ्याकडे. तुम्ही गेलात की उघडायचे, यायच्या आत लावायचे."

"कधीपासून?"

"ही पोटात होती तेव्हापासून. आंबट खावंसं वाटलं होतं."

त्याने आधारासाठी मंडळींकडे पाहिलं. कोपऱ्यावरचा दुकानदार स्वतःच्या चपला न्याहाळत होता. शाळा सुटल्यावर पोर जिच्याकडे बसते अशी त्याची समजूत होती, ती शेजारची मावशी आकाशात काहीतरी शोधत होती. आ वासला होता फक्त थोरल्या भावाचा, पण तो एरवीही वासलेलाच असे.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

बायकोने जरा विचार केला. "तुम्हाला कुलपाचा फार अभिमान. म्हटलं, कशाला मोडा."

तो गुडघे झटकत उठला. मग रीत ती रीत म्हणून त्याने कमरेची किल्ली सोडून मुलीला दिली. तिने ती तिथल्या तिथे आईच्या हातात ठेवली. "मी तर चाललेच," ती म्हणाली. मोठ्यांच्या आधीचा चहा मात्र तिने घेतला, दोन कप.

पुढच्या आठवड्यात ती गेली. तिला गाडीत बसवून कुलूपवाला तसाच दुकानात गेला. संध्याकाळी घरी आला तर दार बंद. हात सवयीने कमरेला गेला आणि रिकामाच परत आला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार वाजवलं. थांबला. पुन्हा वाजवलं.

"वहिनी बाहेर गेल्यात," जाता जाता दुकानदार म्हणाला. "येतील इतक्यात."

पिशवीत तारा होत्या. सातही लिव्हर त्याच्याच हातचे होते. त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहील इतका बाजूला सरकून, तो बसून राहिला.