कोपऱ्यातल्या खुर्चीने ऐकलेली दोन हसणी

मी एक जुनी खुर्ची आहे. चित्रपटगृहातली, बाल्कनीतली, शेवटच्या रांगेच्या अगदी टोकाची, खांबाला खेटून बसलेली. तिकीट देणारा खिडकीतून "कोपऱ्यातली चालेल का?" असं विचारतो ना, ती मी. त्यावर गिऱ्हाइकाचं तोंड कसं होतं, हे मला न बघताही ठाऊक आहे.

मित्रांनो, माझा जन्म मात्र कोपऱ्यासाठी झाला नव्हता. एका लांबलचक कारखान्यात सुताराने माझे हात घासून गुळगुळीत केले. लोहाराने बिजागरी बसवली. गादीवाल्याने ओठांत खिळे धरून लाल रेक्झिन माझ्या अंगावर ताणून ठोकलं, मग स्वतःच माझ्यावर बसून उसळी मारली आणि म्हणाला, "राजा बसला तरी तक्रार करणार नाही." राजा काही कधी आला नाही. पण माझी पहिली जागा रांगेच्या मधोमध होती, आणि माझ्यासाठी लोक भांडायचे. रुमाल टाकून मला अडवायचे. काही जण तर रुमाल टाकून वर स्वतः पहारा करायचे.

पुढे एका वजनदार गृहस्थाने विनोदी प्रसंगात इतकी दाद दिली की माझी स्प्रिंग गेली. दुरुस्ती अर्धी झाली आणि बदली पूर्ण झाली. मी खांबाशेजारी आले. इथून पडदा थोडा तिरका दिसतो, म्हणून इथे कोण बसतं? उशिरा आलेले, रुसलेले, झोपायला आलेले. त्यांनी माझ्या पाठीवर पेनाने बाण-हृदयं काढली आणि पोटाखाली च्युइंगम चिकटवलं. सफाईवालाही माझ्यापर्यंत येता येता दमतो.

पण इतकी वर्षं माणसं अंगावर घेऊन मी एक विद्या शिकले. माणसाचं तोंड काहीही बोलतं, पाठ खोटं बोलत नाही. कंटाळलेला माणूस खाली घसरतो. घाबरलेला पाय वर घेतो. आणि हसणं तर दोन प्रकारचं असतं. पडद्यावरच्या माणसाची टर उडवायची असेल, तर पाठ मागे रेलते आणि मान शेजाऱ्याकडे वळते. तोच माणूस आवडला असेल, तर हसतानाही पाठ मला सोडून पुढे जाते. माझ्याकडे याचा चोख हिशोब असतो. फक्त मला तो कुणी विचारत नाही.

मध्यंतरी 'झंझावात' नावाच्या उडणाऱ्या वीराचा चित्रपट आला. त्यातला खलनायक निखारा. पहिल्या भागात निखाऱ्याचा भाऊ मरतो आणि निखारा रडतो. अगदी खरं रडतो, नाक लाल होईपर्यंत. आणि सगळी बाल्कनी मागे रेलून खो खो हसली. जगाचा नाश करायला निघालेला माणूस नाक ओढतो म्हणजे काय!

मग दुसरा भाग आला. पहिल्याच दिवशी दुपारचा खेळ तुडुंब भरला. झंझावातचे निळे शर्ट घातलेली पोरं आधीच आरडाओरडा करत होती. एवढ्यात दोन बायका आल्या. थोरली माझ्यावर बसली, धाकटी शेजारी. आत अंधार, तरी थोरलीच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

"अगं ताई, तो चष्मा काढ. आपण बँक लुटायला आलेलो नाही."

"कुणी ओळखलं तर?"

"तुला कोण ओळखणार? पोस्टरवर तोंड तुझ्या मुलाचं आहे, तुझं नाही."

"नाक माझंच आहे ना त्याचं," थोरली म्हणाली आणि पदराने ते झाकून बसली.

नाक म्हटल्यावर मला उलगडलं. माझ्यावर निखारा झालेल्या नटाची आई बसली होती, आणि शेजारी त्याची मावशी.

"पहिल्या भागाला तो असाच टोपी ओढून लोकांत जाऊन बसला होता," आई सांगू लागली. "ते हसणं ऐकून आला, तेव्हापासून दोन घास खातो आणि उठतो. सकाळी म्हणाला, 'आई, मी नाही जाणार. मित्र खोटं सांगतात, पेपरवाले काहीही छापतात. तू जा आणि एवढंच ऐकून ये, लोक मला हसले का. हसले तर मी हे काम सोडलं.'"

"सोडून काय करणार?"

"मामाच्या दुकानात बसणार म्हणे. फरश्या विकणार."

"तो? गिऱ्हाईक आलं की हा माळ्यावर लपेल!"

"थट्टा नको गं. त्याला दुसरं काही येत नाही, आणि हे सोडून दुसरं काही नकोही आहे. पण हट्टी आहे. म्हणाला म्हणजे सोडेल."

दिवे गेले. झंझावात बराच वेळ उडाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण पाठी माझ्या बहिणींना टेकलेल्याच होत्या. मग तो छत फोडून निखाऱ्याच्या महालात उतरला. धूळ, विटा, गडगडाट. निखारा शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसलेला. त्याने पान उलटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दार होतं की. आणि पाय पुसून ये, आत्ताच फरशी पुसलीय."

बाल्कनी अशी हसली की खांबही थरथरला. आणि माझ्यावर बसलेली पाठ फळीसारखी ताठ झाली.

"हसले," आई पुटपुटली. "ऐकलंस ना? हसले ते."

"अगं, हे चांगलं हसणं आहे!"

"हसण्यात चांगलं-वाईट असतं होय? आणि ते वाक्य माझं आहे. शाळेतून आला की मी रोज हेच म्हणायचे."

"मग लोक तुला हसले, त्याला नाही. झालं समाधान?"

समाधान कुठलं व्हायला! मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'बाई, पुढच्या रांगेतल्या पाठी बघा, सगळ्या पुढे झुकल्यात.' पण खुर्चीला फक्त करकरता येतं. मी करकरले. मावशी म्हणाली, "ताई, हलू नकोस."

मध्यांतर झालं. आईने पर्समधून मोबाइल काढला. मावशीने तो झटकन काढून घेतला. "अर्धवट शिजलेलं कुणी ताटात वाढतं का? गप्प बस."

पुढच्या रांगेत भांडण पेटलं होतं. खांद्यांवर झंझावातसारखे निळे कापडी पंख बांधलेल्या मुलीने शेजारच्या निळ्या शर्टाला धरलं होतं.

"लाज नाही वाटत? झंझावातचा शर्ट घालून निखाऱ्याला शिट्ट्या मारतोस!"

"शर्ट आधी घेतलाय. आता दुकानदार परत घेत नाही."

"शहर जाळलं त्याने!"

"जाळलं. पण किती नीटनेटकं जाळलं. आपला झंझावात वाचवायला येतो तेव्हा जास्त इमारती पडतात."

"ते खरंय," ती जरा नरमली. "आणि तो बोलला की वाटतं, बरोबरच बोलतोय. मग घरी जाऊन लक्षात येतं, अरे, हा तर आपल्यालाच मारणार होता."

आईला राहवलं नाही. ती पुढे वाकून म्हणाली, "अरे, तो मनाने वाईट नाहीये."

दोघं गर्रकन वळले. "काकू! तुम्हीसुद्धा निखाऱ्याच्या?"

मावशीने चिमटा काढला. "म्हणजे... लहानपणी चांगला असणार," आईने सावरलं. "थोडा हट्टी."

उत्तरार्ध सुरू झाला, आणि तो प्रसंग आलाच. निखारा जळक्या घरात जातो. राखेत त्याला भावाचा कोट सापडतो. तो कोट तो मांडीवर घेतो आणि रडतो. तेच रडणं, तेच लाल नाक. आईने माझे दोन्ही हात असे धरले की सुताराने घासलेलं लाकूडही कळवळलं.

बाल्कनी गप्प. कुणी कागदाची पुडीसुद्धा वाजवेना.

आणि मग पलीकडच्या टोकाला कुणीतरी फिस्सकन हसलं.

आईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात निळा शर्ट उभाच राहिला. "ए, गप रे! माणूस रडतोय, दिसत नाही?" आणखी दोघा-तिघांनी "शू!" केलं. हसणारा गप्प झाला. सगळ्या रांगेत एकाही खुर्चीला पाठ टेकलेली नव्हती. पंखवाली मुलगी पंखानेच डोळे पुसत होती. आईने तो कोट नि तिचा मुलगा पडद्यावरून जाईपर्यंत श्वास धरला, आणि मग असा सोडला की माझी गादी बोटभर खाली गेली.

शेवटी निखारा पुलावरून नदीत पडला आणि चित्रपट संपला. नावं वर सरकू लागली. आई उठायला लागली, तशी मुलगी ओरडली, "काकू, बसा! नावं संपेपर्यंत उठायचं नसतं."

"पण तो मेला ना?" आईने परत बसत विचारलं.

"प्रेत दाखवलं का? नाही ना? मग कसला मरतोय! तो नसेल तर तिसरा भाग बघायला येणार कोण?"

"ताई," मावशी कानात म्हणाली, "तो घरी बसलाय."

"माहितीये गं. तरी विचारलं."

पडद्यावर त्याचं नाव आलं. पुढच्या रांगेने शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं, नि आईने पदराचा बोळा तोंडावर दाबला.

गर्दी ओसरल्यावर तिने मोबाइल लावला. "हॅलो. हो, पाहिला. हो, हसले... अरे, पूर्ण ऐक आधी! पाय पुसायला सांगितलंस तेव्हा हसले. रडलास तेव्हा नाही हसले. एक जण हसला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. मी नाही, लोकांनी!"

 पलीकडून बारीक आवाज आला. आई हसू लागली.

"काय म्हणतोय?" मावशीने विचारलं.

"विचारतोय, घरात खायला काय आहे."

"घ्या! शहर जाळून आला आणि भूक लागली."

"चल लवकर," आई म्हणाली. तिच्यात आता वीस वर्षांच्या मुलीची घाई होती. पण उठल्यावर तिने मला धाडकन सोडलं नाही. माझी बैठक हाताने धरली आणि हळूच वर टेकवली. इतक्या वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. चित्रपट आवडला नाही तर खुशाल नावं ठेवा, त्यासाठीच तिकीट काढलंय. पण पडद्यावर कुणी रडत असेल आणि तुमची पाठ मागे रेलायला लागली, तर क्षणभर थांबा. त्याची आई कदाचित तुमच्याच रांगेत, टोकाच्या खुर्चीवर बसलेली असेल. आणि जाताना च्युइंगम तुमच्याबरोबर न्या. माझ्याकडे पुरेसं आहे.