माझी पाठ आतून कुजली आहे

मी शर्यतीची होडी बोलतेय. माझं नाव लिबेच्चो. इटलीत आमच्या विआरेज्जोच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून दांडगा वारा येतो, त्याचं हे नाव. बोलतेय म्हणते खरी, पण ज्यांनी ऐकायला पाहिजे त्यांना काही ऐकू जात नाही. रविवारी जुन्या होड्यांची शर्यत आहे. माझ्या जुन्या मालकाची मुलगी नीव्हेस, तिने मला घेऊन त्यात उतरायचं ठरवलं, आणि माझी पाठ आतून कुजलेली आहे.

आधी जन्माचं सांगते, म्हणजे कळेल.

अमेरीगो नावाच्या सुताराने मला बांधलं. त्याच्या गल्लीत तेव्हा लाकडाचा भुसा घराघरात असायचा, पांघरुणात सुद्धा. पातळ लाकडाचे थर आडवे-उभे चिकटवून त्याने माझं अंग केलं. पोट सपाट न ठेवता सुरीसारखं निमुळतं केलं, म्हणजे लाट आपटत नाही, चिरली जाते. पाठीची फळी, म्हणजे अगदी मागची उभी फळी, सगळ्यात जाड. पाण्यात फिरणारे दोन्ही पंखे तिच्यावरच लटकतात आणि इंजिनांचा सगळा जोर तीच सोसते. होडीची पाठ गेली की होडी गेली.

मला ओरेस्तेने घेतलं, नीव्हेसच्या बापाने. सुकाणू त्याचा जोडीदार धरायचा, वेगाचे दांडे ओरेस्तेच्या हातात. लोकांना वाटतं, शर्यत म्हणजे दांडा पुढे ढकलला आणि सुटलो. तसं नसतं. लाटेवरून मी उडाले की पंखे हवेत येतात, पाण्याचा भार सुटतो आणि इंजिन किंचाळायला लागतं. तेव्हा दांडा मागे घ्यायचा आणि खाली आपटण्याच्या आत पुन्हा पुढे द्यायचा. चुकलं तर इंजिन फुटतं, नाहीतर माझं नाक पाण्यात घुसतं. कोर्सिका बेटापर्यंत जाऊन परत यायचं, तेही उभ्याने, गुडघे सैल ठेवून. बसलं तर मणका जायचा. ओरेस्ते लाट तळपायांनी ओळखायचा. त्याच्या हाताने मला सांभाळलं म्हणून मी टिकले.

त्याची बायको फोस्का धक्क्यावर कधी आली नाही. खिडकी उघडी टाकून ती तीच तीच भांडी घासत बसायची, माझ्या इंजिनांचा आवाज कानावर येईपर्यंत.

दर हिवाळ्यात ओरेस्ते एका हातात चण्याच्या पिठाची गरम चेचिना आणि दुसऱ्यात हातोडी घेऊन माझ्याभोवती फिरायचा. हातोडीच्या दांड्याने टकटक करायचा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं. ओल शिरलेलं थप करतं. थप आलं की तो तेवढा तुकडा कापून नवीन बसवायचा.

तो गेला. मग मी वर्षानुवर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होते. छपराला भोक होतं आणि पावसाची धार नेमकी माझ्या पाठीवर. सांगणार कुणाला?

शेवटी नीव्हेस आणि तिचा भाऊ इलारिओ आले. फार मायेने आले, म्हणूनच मला जास्त रडू येतं. त्यांनी मला घासलं, पुसलं आणि सगळ्या अंगावर फायबरचं कापड लावून वर रेझिनचा लेप चढवला. इलारिओ म्हणाला की आता म्हातारीला पाणी लागायची बात नको. पण पाणी तर आत होतं. आधी वाळवायला पाहिजे होतं मला. जखम न धुता पट्टी बांधावी तसं झालं. समुद्राच्या पाण्यात माझा जन्म गेला, त्याने कधी सडले नाही. कोंडलेल्या ओलीने सडले. आता कुठेही टकटक करा, वरचा लेपच वाजतो, सगळीकडे सारखा.

वर नवी इंजिनं बसवली, आधीपेक्षा जास्त ताकदीची.

फोस्का बघायला आली. माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "तुमच्या बापाने माझ्या गुडघ्यांना एवढा लेप कधी लावला नाही." सगळे हसले. मग तिने हळूच विचारलं, "नीव्हेस, रविवारी पोरीला कुणाकडे ठेवणार?"

"तुझ्याकडे, मम्मा."

"मी भांडी घासत बसणार. पोरीला कोण बघणार?"

 नीव्हेसची मुलगी आता कुठे पावलं टाकायला लागली आहे.

मला पाण्यात उतरवलं. लाकडी होडी पहिल्या दिवशी थोडं पाणी पितेच, मग लाकूड फुगतं आणि सांधे बसतात. मी कोरडी. इलारिओने तळाला हात फिरवून सांगितलं की बाब्बोच्या, म्हणजे बापाच्या वेळी बादल्या लागायच्या, इथे थेंब नाही. मी कुरकुरले, जेवढं जमेल तेवढं कुरकुरले. तो म्हणाला, म्हातारी आहे, कुरकुरणारच.

मग मी मागणं मागितलं. इथेच बुडव मला, देवा. या धक्क्याला, छातीभर पाण्यात, सगळ्यांसमोर. माझी अब्रू गेली तरी चालेल, पण त्या मोठ्या लाटांवर नीव्हेसला घेऊन नको. पण तो लेप मला बुडूसुद्धा देईना.

शर्यतीच्या नियमाने पाठीला ओढून नेण्याची कडी लागते. ती लावायची राहिली होती म्हणून आज सकाळी मला वर काढलं. नीव्हेसने ड्रिल लावलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं आणि बाहेर आला तपकिरी ओला लगदा. जुना रंग असेल, पुट्टी भर आणि कस, असं इलारिओ लांबूनच म्हणाला.

नीव्हेसने स्क्रू भोकावर ठेवला आणि नुसत्या अंगठ्याने दाबला. तो डोक्यापर्यंत आत गेला. मग तिने तो दोन बोटांनी उपसून काढला.

"इकडे ये," ती म्हणाली. "तूच दाब."

त्याने दाबला.  मग हळू आवाजात म्हणाला, "एवढी एक शर्यत निघणार नाही?"

"जाताना निघेल. येताना?" नीव्हेस म्हणाली.

आता ते इंजिनं उतरवताहेत. उद्या मला कापायला करवत येईल. भीती वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल, फार वाटते. तरी वाचणाऱ्यांनो, एवढं ऐका. तुमचं जुनं माणूस असो की जुनी वस्तू, माया जरूर करा, पण वरून लेप लावण्याआधी आत काय आहे ते बघा.

नीव्हेस भावाकडे पाठ करून माझ्या काठाला धरून उभी आहे. तिचे खांदे हलताहेत. पोरी, कापायला मागून सुरुवात कर. पुढचं लाकूड अजून चांगलं आहे, त्याचं काहीही कर. फक्त पाण्यात जाईल असं काही करू नकोस.