चार बोटांचा कल

अप्पांनी होडी स्वतःच्या हातांनी बांधलेली. पण गेलं वर्षभर ती डावीकडच्या वाऱ्यात पळायची आणि उजवीकडच्या वाऱ्यात रडत चालायची. सांगाडाच वाकडा धरला, आपला हात गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा घेतलं की घेतलं, अप्पाच ते. उद्या करवत लावून मोडतो म्हणाले.

"आधी डोलकाठी बघू," सून म्हणाली. ती शिडं शिवायच्या कारखान्यात कामाला.

"काय बघायचंय? मीच मधोमध आणलीय."

त्यांची रीत ठरलेली. शिडाच्या दोरीला पोलादी टेप बांधून काठीच्या शेंड्यापर्यंत चढवायचा, खालचं टोक आधी डाव्या कठड्याला टेकवायचं, मग उजव्या. दोन्हीकडे माप सारखं आलं की काठी मध्यावर. त्यांनी तिच्यादेखत मोजलं. केसाचाही फरक नाही. म्हणजे दोष होडीचाच. अप्पांनी टेप सोडून दिला.

सून पुढे सरकली. काठीच्या बुंध्याशी उताणी पडून, एक डोळा मिटून वर बघत राहिली. मग उठून तिनं टेप कठड्याऐवजी, काठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे अडकवतात त्या लोखंडी पट्ट्यांना लावला. आता दोन्हीकडची मापं जुळेनात.

"अप्पा, डावा कठडा कधी बदलला?"

"मागच्या वर्षी. धक्क्यावर आपटून फुटला होता. चांगली दणकट फळी घातली," म्हणता म्हणता अप्पांचा चेहरा उतरला. फळी उजव्या कठड्यापेक्षा बोटभर उंच होती. माप जुळवायच्या नादात त्यांनीच शेंडा चार बोटं उजवीकडे ओढला होता.

सुनेनं उजव्या तारेचा पेच जरा सैल केला, डावा जरा आवळला, तार बोटानं छेडून पाहिली, पुन्हा मोजलं. घाई नाही, गडबड नाही. अप्पा बघतच राहिले. काय हात आहे पोरीचा, त्यांना वाटलं, आणि इतकी वर्षं आपल्याच घरात.

होडी पाण्यात घातली. डावीकडच्या वाऱ्यात पळाली. उजवीकडच्या वाऱ्यातही तशीच पळाली. अप्पांचे डोळे भरून आले.

"सरळच बांधलीय तुम्ही," सून म्हणाली.

सुकाणूला त्यांनी पोटच्या पोरालाही कधी हात लावू दिला नव्हता. ते उठले, "बस इथं," म्हणाले आणि दोरी धरायला पुढे गेले.

"आणि करवत?" तिनं मागून विचारलं.

"असू दे. डावा कठडा बोटभर उतरवायचाय."