बैल चढला तरी न वाकणारी फळी

मित्रांनो, अकोल्याहून अकोट रस्त्याने निघालात की शेवंतीच्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली मी उभी दिसेन. मी एक जुनी व्हॅन आहे. रंगाने पांढरी होते. आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यातून मी चारचौघींसारखीच बाहेर पडले. मग पुण्यातल्या एका शेडमध्ये माझी मागची सीट काढली, तळ कापून खाली घेतला आणि मागच्या दाराशी अ‍ॅल्युमिनियमची फळी बसवली. दार उघडायचं, फळी जमिनीला टेकवायची आणि चाकाची खुर्ची बसल्या माणसासकट आत ढकलायची. फळीच्या दोन्ही अंगांना गॅसच्या दांड्या होत्या, मोटारीच्या डिकीला असतात तशा. अर्धा भार त्या घेत, म्हणून फळी एका हाताने उचलली जाई. मला वाटायचं, यात काय मोठं? मोठं होतं, हे ती गेल्यावर कळलं.

ज्यांच्यासाठी हे केलं, ते पुण्याचे म्हातारे मालक वारले आणि मी गोदाबाईंकडे आले. या फुलं पिकवणाऱ्या बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी डावी कूस विहिरीच्या कठड्याला घासली. तो ओरखडा अजून आहे, आणि का कोण जाणे, मला तो आवडतो. त्या शिकल्या लेकीसाठी. हर्षाचे पाय चालत नाहीत, पण हार ओवताना हात असे चालतात की बघणाऱ्याने आपलं काम विसरावं. अकोल्याच्या जठारपेठेत एका औषधाच्या दुकानाच्या पायरीशी टेबलाएवढी जागा त्यांना मिळाली होती. रोज उघडं ठेवायचं, एवढीच दुकानदाराची अट. सकाळी गोदाबाई एका हातात फुलांची पिशवी धरत, दुसऱ्या हाताने फळी लावत, आणि आम्ही तिघी निघायचो.

हर्षाची गिऱ्हाइकं हाराइतकीच तिच्या बोलण्यासाठी येत.

"हार जरा लांब पायजे."

"नवरदेव केवढा हाय?"

"माह्याएवढा."

"मंग लांब कायले? पायात अडकून पडन ना."

चार वर्षांनी दांड्यांमधला गॅस गेला. एकदा फळी सुटून गोदाबाईंच्या अंगठ्यावर पडली. शहरातल्या मोठ्या गॅरेजवाल्याने मला फिरून पाहिलं आणि सांगितलं, नुसत्या दांड्या मिळत नाहीत, अख्खा सेट पुण्याहून मागवावा लागेल. पंचावन्न हजार आणि दोन महिने. गोदाबाईंनी मला किसनरावांकडे वळवलं.

किसनराव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांची ट्रॉली मोडली असं कोणी ऐकलेलं नाही. तीन दिवस खपून त्यांनी मला जाड लोखंडी पत्र्याची नवी फळी केली, तिला ट्रॉलीच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या झडपेला, लावतात तसल्या जाड बिजागऱ्या लावल्या आणि जुनी फळी भंगारात दिली. पैसे विचारताच ते रागावले.

"पोरीच्या गाडीचे पैसे घेऊ का मी, वहिनी? पाहा, यावरून बैल चढला तरी वाकनार नाई."

"काका, मी बैल नाई ना," हर्षा म्हणाली, आणि सगळे हसले. मग किसनराव आणि त्यांच्या दोन कारागिरांनी फळी उचलून बंद केली. तिघांनी उचलली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंनी एक हात लावला, मग दोन, मग खांदा. फळी गुडघ्याच्या वर येईना.

"किसनभाऊले सांगून पाहू का?" त्या म्हणाल्या.

"फुकटात करून देलं त्यायनं," हर्षा म्हणाली. "आता नावं ठेवाले जाशील?"

नाही गेल्या. मग फळी उचलायला घरी शेजारचे येत, जठारपेठेत ऑटोवाले. पहिला आठवडा सगळे धावले. महिन्याभराने एक ऑटोवाला आम्हाला पाहून फोनवर बोलू लागला. फोन वाजलाच नव्हता. हर्षाने ते पाहिलं. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "आई, उद्यापासून तूच जात जाय. हार मी घरीच करून देत जाईन."

पण गोदाबाईंना ना गिऱ्हाइकाशी बोलता येई, ना मागितला तसा हार तिथल्या तिथे ओवता येई. वावर सोडून दिवसभर बसणंही होईना. आज उघडं, उद्या बंद. दिवाळीनंतर औषधवाल्याने, फार अदबीने, ती जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली. मी धुऱ्यावर उभी राहिले. फळीला काही झालं नाही. ती खरंच मजबूत होती.

उन्हाळा लागता किसनराव पुतणीच्या लग्नाचे हार सांगायला घरी आले.

"जठारपेठेत दोन चकरा मारल्या. तू दिसलीच नाई पोरी. कावून?"

हर्षाने सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. "काका, तुमची फळी आईले उचलत नाई."

किसनराव उठले, माझ्यापाशी आले, एकट्याने फळीला हात घातला. कंबरेपर्यंत आणली आणि सोडली. मग तिच्यावरच बसले.

"आठ महिने? मले सांगतलं कावून नाई?"

उत्तराची वाट न पाहता ते उठले. 

ते भंगारवाल्याकडे गेले. जुनी फळी केव्हाच पुढे गेली होती. मग त्यांनी हलक्या पाइपांची, जाळीची फळी करायला घेतली. या वेळी शेवटच्या जोडकामाआधी गोदाबाईंना बोलावलं.

"उचलून पाहा, वहिनी. जड हाय?"

गोदाबाई सवयीने "नाई" म्हणणार होत्या. हर्षाने त्यांच्याकडे पाहिलं.

"हाय थोडी," त्या म्हणाल्या.

किसनरावांनी दोन पाइप कापून काढले. "आता?"

गोदाबाईंनी एका हाताने फळी उचलली. मग जरा थांबून दुसऱ्या हातात पिशवी घेतली आणि पुन्हा उचलली.

त्या दिवशी आम्ही तिघी जठारपेठेत गेलो. पायरीशी रंगीत कव्हरं लटकत होती. गोदाबाईंचा पाय ब्रेकवर गेला. "थांबू नको, आई," हर्षा म्हणाली, "पुढं कुठी जागा भेटते का पाहू." अजून पाहतोच आहोत.

मित्रांनो, किसनराव वाईट कारागीर नव्हते, हेच तर दुःख आहे. कोणाची वस्तू दुरुस्त कराल, तेव्हा ती रोज ज्या हाताने उचलायची आहे, त्या हाताला आधी बोलवा. आणि तो हात तुमचा असेल, तर फुकट मिळालेल्या जडालाही जड म्हणा. मला बोलता येत नव्हतं. त्या दोघींना येत होतं.