धर्माचा रकाना

मला चौकशा करायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे, बाळाराम, एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षांत "पुढे सरका" आणि "सुट्टे द्या" यापलीकडे त्यांनी कुणाला काही विचारलं नसेल. मी मात्र चौलच्या नाक्यावर नवा माणूस दिसला की तो कुणाकडे आला, किती दिवस राहणार आणि जेवला की नाही, एवढं काढून घेतेच. अशा बाईला कुणी बिनतारण कर्ज देतो म्हणालं, आणि वर ती संस्था ख्रिस्ती लोकांची, तर डोक्यात किडा वळवळणारच ना?

कर्ज हवं होतं पोपटीसाठी. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असं मडक्यात भरायचं, भांबुर्ड्याचा पाला वरून दाबायचा, मडकं उपडं घालून भोवतीनं पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही घालायचा. माझ्या हातची पोपटी खाल्लेली माणसं पुढच्या वर्षी फोन करून विचारतात, कधी येऊ? नागावच्या हितेशभाऊंनी आपल्या नारळाच्या वाडीतला रस्त्याकडचा कोपरा मला देऊ केला होता. पण थंडी सुरू व्हायच्या आत अनामत दिली तरच, नाहीतर तिथे एक मोमोवाला टपून बसलेला. बँकेत गेले तर ते म्हणाले, सातबारा आणा. अरे बाबा, सातबारा असता तर तुझ्या दारात कशाला आले असते?

म्हणून ही संस्था. पण मी काय लगेच अर्ज करणारी नाही. आधी रेवदंड्याला ठमीला गाठलं. ठमी कोळीण, सुकी मासळी विकते, तिने त्यांच्याकडून दोनदा पैसे घेतलेले.

"तुझ्याकडे मागितलं काय त्यांनी?"

"हप्ता."

"ते नाही गं! गळ्यात काही घाल, चर्चमध्ये ये, असलं काही?"

"न्हाय बाय. मीटिंगच्या आधी दोन मिनटं डोळे मिटून प्रार्थना करतात. मी पन मिटते. पहाटे तीनला उठलेली असते, तेवढीच झोप."

"आणि उघडे ठेवले तर?"

"ठेव की! तुला बघनार कोन? त्यांचे मिटलेले हायत."

तरी माझं समाधान होईना. मग भाजीवाली झाली, शिलाईवाली झाली, एक शहाळीवाला झाला. दोन महिने मी नुसती विचारत फिरले. कुणाचा देव बदललेला नाही, कुणाचं नाव बदललेलं नाही. मग हे लोक देतात तरी का? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि मला तर रात्री त्याच विचाराने कूस बदलायची वेळ आली.

शेवटी हितेशभाऊंनी रविवारची मुदत घातली, तेव्हा अर्ज टाकला. संस्थेची बाई शुक्रवारी दहा वाजता घर बघायला येणार होती. तिला पटलं तर ती सही करणार, तिची सही झाली तरच पैसे.

शुक्रवारी सकाळी हे दूध आणायला गेले आणि मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. आमच्या बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चौकटीत आहेत. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सासऱ्यांनी घरातले देव खाडीत सोडले, आणि पुढे पैसे जमल्यावर त्या जागी हा फोटो लावला. खिळासुद्धा त्यांच्याच हातचा. तो मी उतरवला आणि कपाटात साड्यांखाली सरकवला. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. उगाच त्या बाईच्या डोळ्यावर कशाला यायला हवं?

हे दूध घेऊन आले. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीत जाऊन बसले.

बाई आली ती स्कूटरवरून. फिलोमिना रोझारियो, कोर्लईची, तिशीतली असेल. मला वाटलं होतं कुणी कडक मॅडम येईल. ही तर माझ्याहून चौकस! मडकं उपडंच का? पाला हाच का? शेंगा शिजल्या हे बाहेरून कळतं कसं? मी म्हटलं, मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून उडालं की झालं. तिने ते लिहूनसुद्धा घेतलं. मी पण रंगात आले.

मग फॉर्म काढला. नाव, वय, धंदा.

"धर्म? हे नुसतं आकडेवारीसाठी असतं हं, पुतळाताई. कर्जाशी काही संबंध नाही."

आणि मी, मी काय म्हणाले असेन? "लिहा ना मॅडम, तुम्हाला बरं वाटेल ते."

हे उठले. कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, फोटो काढला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि खिळ्याला लावला. जरा तिरका वाटला तो सरळ केला.

"मॅडम, हा इथे असतो," ते म्हणाले. "सकाळी हिने काढला." आणि जाऊन बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने अख्ख्या रेवदंड्याला विचारत हिंडले होते, हे लोक आपला देव काढायला लावतात का म्हणून. त्यांनी कुणालाच काढायला लावला नव्हता. नागावच्या एका कोपऱ्यासाठी फोटो माझी मीच, स्वतःच्या हातांनी उतरवला होता.

"राहू द्या मॅडम," मी म्हटलं. "फाडा तो फॉर्म."

फिलोमिनाने फॉर्म फाडला नाही. फोटोकडे बघत म्हणाली, "पनवेलला शिकत होते तेव्हा भाड्याची खोली बघायला गेले होते. जिना चढताना गळ्यातला क्रॉस आत टाकला."

तशाही अवस्थेत माझ्याच्याने राहवलं नाही. "मिळाली खोली?"

"मिळाली. अकरा महिने ओढणीला पिन लावून राहिले, मे महिन्यातसुद्धा. मालकीणबाई कधी वर येतील नेम नसायचा. चांगल्या होत्या हो. खीर आणून द्यायच्या. मला ती घशाखाली उतरायची नाही."

मी हात पुढे केला. मग म्हटलं, "द्या ते पेन इकडे." आणि रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. एवढं मोठं झालं की शेजारच्या रकान्यात घुसलं.

तिने ते वाचलं आणि खाली सही ठोकली. "उद्या पैसे खात्यात येतील."

"अहो, एवढं खोटं वागले तरी?"

"कर्ज बुडवणारे असे लाल होत नाहीत, ताई," ती हसत म्हणाली. चहा घेतला आणि गेली.

स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर माझा राग उफाळला. स्वतःवरचा होता, पण निघाला ह्यांच्यावर. "दूध घेऊन आलात तेव्हाच बघितलंत ना तुम्ही? मग तेव्हाच का नाही बोललात? चारचौघांत शोभा करायची होती माझी?"

"वाट बघत होतो," ते म्हणाले. "तू आपणहून परत लावतेस का म्हणून."