सोबत नसलेल्या माणसाचं नाव

साठी उलटल्यावर घड्याळजी आणि त्यांची बायको मोटारसायकलवरून सरहद्दीपलीकडच्या डोंगरांत जायला निघाले होते. व्हिसा झाले, गाडीची सर्व्हिसिंग झाली, राहिला होता विमा. इथला विमा तिकडे चालत नाही, म्हणून वेगळी पॉलिसी आणि वर ब्रेकडाउन कव्हर.

"गाडी वाटेत बंद पडली तर?" घड्याळजींनी विमा कचेरीतल्या मुलीला विचारलं.

"ट्रक येऊन उचलून नेईल, काका. जवळच्या गॅरेजपर्यंत."

"आणि हिला?"

"तुम्हा दोघांनाही मुक्कामी पोचवतील."

"मग गाडीचं काही का होईना," म्हणत त्यांनी सही ठोकली. बायकोने कोपर मारलं, पण गालातल्या गालात हसली.

शेवटच्या पानावर मुलगी थांबली. "अडीअडचणीला कोणाला कळवायचं?"

"हिला," ते म्हणाले. "यांना," बायको म्हणाली, तेही एकदमच.

"अहो, तुम्ही दोघं एकाच गाडीवर असणार ना? सोबत नसलेलं कोणीतरी सांगा."

चाळीस वर्षं दोघांनी प्रत्येक फॉर्मवर एकमेकांचंच नाव घातलं होतं. मूलबाळ नव्हतं. घड्याळजी चष्मा पुसत बसले.

"वन्संना फोन करा," बायको हळूच म्हणाली.

वन्सं म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. नऊ वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणात, ती भावजयीला बोलून गेली होती, "तुला काय, ना पोर ना बाळ. मोकळीच तर आहेस." बायकोने ते गिळलं. घड्याळजींनी मात्र बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

"तुला बोलली होती ती."

"मला बोलल्या ना? मग मीच सांगतेय, लावा."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "ताई, मी."

पलीकडे रेडिओ बंद झाला. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही. आम्हीच जातोय, फिरायला." त्यांनी फॉर्मचं सांगितलं.

"म्हणजे गाडी बिघडली की मला फोन?"

"गाडी बिघडली तर कंपनीला. आमचं काही बिघडलं तर तुला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "तिला दे."

बायकोने फोन कानाला लावला. "हो... हो, वन्सं... अहो, रडताय कशाला? धडधाकट परत येणार आहोत आम्ही!" पदराने स्वतःचेच डोळे टिपत तिने नंबर लिहून घेतले. ताईने दोन दिले होते, एक लागला नाही तर दुसरा. फॉर्मवर जागा एकाचीच होती. मुलीने दुसरा समासात लिहिला.

प्रवासाच्या चौथ्या दिवशी, भर चढावर, गाडीची चेन तुटली. कंपनीला कळवल्यावर दीड तासाने ट्रक आला. गाडी वर चढवून दोघं ड्रायव्हरशेजारी बसली. घड्याळजींनी आपणहून ताईला फोन केला, उगाच घोर नको म्हणून.

तिने चेनबद्दल चकार शब्द विचारला नाही. "ती कुठे बसलीय?"

"मधे."

"अरे, खिडकीशी बसव तिला. बंद गाडीत मळमळतं तिला. विसरलास?"

घड्याळजींनी ट्रक थांबवायला लावला आणि जागा बदलली.