एका दात्याची उसंत

मखमलसाहेबांनी घड्याळ परत दिलं तेव्हा ते इतकं चकचकीत झालं होतं की माझ्या सासूबाईंनी आधी ते ओळखलंच नाही. मग ओळखलं, खटका दाबला, आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो काही केल्या वर येईना.

मखमलसाहेब म्हणजे महागडी घड्याळं बनवणाऱ्या एका कंपनीचे अधिकारी. त्यांचं बोलणं इतकं गुळगुळीत की नेमकं कुठे बोट ठेवावं ते कळत नाही, म्हणून घरात आम्ही त्यांना हे नाव दिलं. आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ते आले ते सासूबाईंच्या वडिलांनी केलेलं खिशातलं घड्याळ बघायला. दुकानही त्या आजोबांचंच. आता माझा नवरा चालवतो आणि गिऱ्हाइकांशी मी बोलते, कारण डोळ्याला भिंग लावलं की नवऱ्याला समोर माणूस उभा आहे हे दिसत नाही. भिंग काढल्यावरही फारसं दिसतं असं नाही, पण तो विषय वेगळा.

या घड्याळाच्या तबकडीवर नखाएवढी दोन माणसं आहेत. बाई हाताने फिरवायच्या शिलाई मशीनपाशी बसलेली, पुरुष तिच्यामागे चिमटा घेऊन उभा. खटका दाबला की बाई मशीनचं चाक फिरवते. पुरुष जागचा हलत नाही. आजोबांनी स्वतःचं आणि आजीचं चित्र केलं होतं. आत जागा होती ती एकालाच हलवण्यापुरती, तेव्हा हलायचं कुणी हा प्रश्नच नव्हता, असं ते सांगायचे. आजीचे हात रिकामे कुणी पाहिलेच नव्हते.

आणि चाक फिरवता फिरवता बाई मध्येच थांबते. हात थांबतो, मान जराशी कलते, मग पुन्हा चाक सुरू. आजी शिवताना अशीच मशीनची खडखड थांबवून कानोसा घ्यायची, आतल्या खोलीत बाळ उठलं का म्हणून. ते बाळ म्हणजे माझ्या सासूबाई. तेवढ्या उसंतीसाठी आजोबांनी आतल्या एका चाकाचा एक दाता कानशीने घासून काढून टाकला होता. आजी लवकर गेली. तिचा फोटो आहे एक, पण त्यात ती कॅमेऱ्याला घाबरून ताठ बसली आहे. सासूबाई तो फोटो कपाटातच ठेवतात. ती कुणीतरी बाई आहे म्हणतात, माझी आई घड्याळात आहे.

तर कंपनीला या घड्याळावरून हलत्या चित्राचं मनगटी घड्याळ काढायचं होतं. मोजकीच घड्याळं, श्रीमंतांसाठी. सासूबाई घड्याळ द्यायला तयार नव्हत्या. नवऱ्याने गळ घातली, आजोबांचं नाव होईल म्हणाला. दुकानात बसून चहा पिताना सासूबाईंनी मखमलसाहेबांना कानोशाची गोष्ट नीट सांगितली. त्यांनी डोळे मिटून ‘किती सुंदर’ म्हटलं. आता कळतंय की ते सुंदर त्या कपातच राहिलं, कंपनीच्या कारागिरापर्यंत पोचलं नाही. त्याने घड्याळ अभ्यासाला उघडलं, एक दाता गेलेला दिसला, आणि भला माणूस म्हणून नवं चाक स्वतः घडवून बसवून दिलं. कंपनीतर्फे भेट. आता बाई न थांबता गरगर चाक फिरवते, कुणीतरी काठी घेऊन मागे लागल्यासारखी.

नवऱ्याने घड्याळ उघडलं, आत वाकून पाहिलं. काम फार सफाईचं आहे, एवढंच म्हणाला. सासूबाईंनी पदर खोचला आणि जुनं चाक आणायला निघाल्या. ते फेकलं असेल, भंगारात गेलं असेल, असं नवरा सांगत होता, पण त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. जुनं चाक नसेल तर नवं घासता येईल, असंही तो वाटेत चाचरत म्हणाला. त्या म्हणाल्या, येईल की. पण ते तुझं होईल, माझ्या वडिलांचं नाही.

कंपनीच्या दालनात एवढा गारवा होता की घड्याळांनाच काय, माणसांनाही गंज चढू नये. मखमलसाहेब हात जोडून पुढे आले. आमचं येणं त्यांना आनंदाचं वाटलं, कारण उद्घाटनाला जुनं घड्याळ नव्याच्या शेजारी काचेत ठेवायला त्यांना हवंच होतं, आणि ‘घराण्याच्या आशीर्वादाने’ असं छापायचंही होतं. आमचं घराणं. दोन खोल्या आणि एक दुकान.

मग त्यांनी नवं मनगटी घड्याळ गादीवर ठेवून पुढे केलं आणि मी पाहिलं. पुरुष हलत होता. ठोक ठोक हातोडी चालवत होता, भुवयासुद्धा वरखाली करत होता. बाई मागे उभी. शिलाई मशीन गायब. तिच्या हातात फूल, आणि नजर त्या पुरुषावर. तिचा एकही केस हलत नव्हता.

मशीन कुठे गेलं, मी विचारलं. ते म्हणाले की मनगटावर जागा कमी, काहीतरी सोडावं लागतं, शिवाय गिऱ्हाइकाला कारागिराला काम करताना बघायला आवडतं. मी म्हटलं, कारागीर तर तीही होती, अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची. ते हसले. इतकं मऊ हसले की माझ्या कानशिलातून वाफ निघाली. नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. मी कोपर काढून घेतलं.

सासूबाईंनी नव्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. जुनं चाक काढणाऱ्या माणसाला बोलवा, म्हणाल्या.

तो आला. पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेलं. चाक आहे का विचारल्यावर त्याने मान हलवली, आत जाऊन कागदाची पुडी घेऊन आला. काढलेला भाग टाकायचा नाही ही आमच्या धंद्याची रीतच आहे, नवरा मला हळूच म्हणाला, जणू हे त्याला आधीपासून माहीत होतं. सासूबाईंनी त्या माणसाला आजीचा कानोसा सांगितला. तो ऐकत राहिला, मग मखमलसाहेबांकडे वळला.

“हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता.”

“तुमचं काम चांगलं आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “पण आता तुम्हीच काढा आणि आमचं बसवा.”

माझ्या नवऱ्याला ते जरा लागलं. तो तिथेच खुर्ची ओढून बसला आणि त्या माणसाच्या हातांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने चिमटा तोच पुढे करायला लागला.

इकडे मखमलसाहेब उजळले होते. गोष्ट त्यांना आता पहिल्यांदा ऐकू आली होती, असं दिसलं. ते म्हणाले की ही उसंत नव्या घड्याळात आणता येईल, पुढच्या खेपेला बाईची मान थोडी कलती करू. आई आणि बाळ लोकांच्या काळजाला भिडतं. सासूबाईंनी उद्घाटनाला चार शब्द बोलावेत.

मला वाटलं आता मीच काहीतरी बोलून बसणार. पण सासूबाई बोलल्या, आवाज न चढवता.

“तिची मान कलती करून ती ऐकणार काय? तुम्ही तिच्या हातातलं काम काढून घेतलंत. जी शिवतच नाही ती थांबेल कशाला?”

मखमलसाहेबांनी कराराचा विषय काढला, मऊच आवाजात. करार नव्या घड्याळाचा होता. जुनं काचेत ठेवायचं की नाही हे आमच्या हातात होतं, आणि ते मिळणार नाही असं सासूबाईंनी सांगितलं. आशीर्वादही छापू नका म्हणाल्या. तुमची बाई तुमच्याकडे राहू दे. काढा हवी तेवढी घड्याळं.

त्यांनी तशी काढलीच. अजूनही जाहिरातीच्या मोठ्या पाटीवर ती बाई फूल धरून उभी असते आणि मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

चाक बसलं. कारागिराने घड्याळ सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी खटका दाबला. बाईने चाक फिरवायला सुरुवात केली, आणि मग हात थांबला, मान कलली. मखमलसाहेब काही बोलायला पुढे झाले.

“जरा गप्प बसा,” सासूबाई म्हणाल्या, मान वर न करता. “ती ऐकतेय.”

कारागिराने हातातला चिमटा आवाज न करता टेबलावर ठेवला. माझ्या नवऱ्याने भिंग काढलं. त्या गार दालनात आम्ही सगळे उभे राहिलो, आणि पाऊणशे वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी मान तशीच कलती केली, घड्याळातल्या बाईची होती तेवढीच.